तळणीचे तेल कढईतून उतरल्यावर

नाशिकमध्ये आमचे मिसळीचे उपाहारगृह आहे आणि मिसळीला लागणारी शेव, पापडी, फरसाण हे सगळे आम्ही मागच्या भट्टीवर स्वतःच तळतो. सकाळी मिसळ, दुपारनंतर वडे आणि भजी, शिवाय बाहेरच्या मागणीचे फरसाण, असा क्रम असल्यामुळे तेलाचे पंधरा किलोचे चार डबे एका दिवसात सहज फोडावे लागतात. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात तर हा आकडा दुपटीच्या पुढे जातो. एवढे तेल लागणाऱ्या धंद्यात रोज दोन गोष्टी मागे उरतात: कढईच्या तळाशी राहिलेले काळपट तेल आणि रिकामे डबे. सासऱ्यांनी हिशेबाच्या वह्या माझ्या हाती दिल्या, तेव्हा या दोन्हींची विल्हेवाट लावण्याचे कामही माझ्याकडे आले. ती व्यवस्था कशी लावली हे मी सविस्तर लिहीत आहे, कारण घरच्या माणसांनी चालवलेल्या कितीतरी उपाहारगृहांना ती लावता येईल आणि तिच्यात अडचणी नेमक्या कोठे येतात हे आधी कळले तर बराच वेळ वाचेल.

नियम तसा स्पष्ट आहे. तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे, म्हणजे तेल तापून बिघडत जाते तशी त्यात वाढत जाणाऱ्या द्रव्यांचे, प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचे नाही, ही मर्यादा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केली. त्याच वर्षी १० ऑगस्टला, म्हणजे जागतिक जैवइंधन दिनी, वापरलेले तेल गोळा करून त्याचे जैवडिझेल करण्याचा ‘रूको’ हा उपक्रम प्राधिकरणाने सुरू केला. पुढे १ मार्च २०१९ पासून, तळणासाठी दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांना त्याची नोंद ठेवणे आणि उतरलेले तेल नोंदणी झालेल्या संकलकालाच, म्हणजे असे तेल गोळा करून नेणाऱ्यालाच, देणे बंधनकारक झाले. चार डबे म्हणजे साठ किलो, आणि तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे लिटरच्या मापात ते पासष्टच्या पुढे जाते. त्यामुळे हा नियम आम्हाला लागू होतो की नाही, असा प्रश्नच नव्हता.

सासऱ्यांच्या काळापासून एक गृहस्थ दुचाकीला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून महिन्याकाठी येत आणि रोख पैसे देऊन जुने तेल घेऊन जात. तेल साबणाला जाते, असे ते सांगत. मी कारभार पाहू लागल्यावर त्यांच्याकडे पावती मागितली आणि साबणाच्या कारखान्याचे नाव विचारले. त्यावर ते म्हणाले, “पावती कशाला, वहिनी? भाव वाढवून देतो की.” या एका वाक्याने माझा निर्णय झाला, आणि त्यांना तेल देणे त्या दिवशीच बंद झाले. साबण करणाऱ्याला पावती द्यायला काय अडचण असणार?

त्यानंतर मी बाजारात चौकशी केली, तेव्हा जुन्या तेलाच्या वाटा हळूहळू उलगडत गेल्या. थोडे तेल खरोखर साबणाला जाते, तर थोडे बांधकामावर सेंटरिंगच्या प्लेटांना काँक्रीट चिकटू नये म्हणून लावायला. मात्र या दोन्ही कामांना लागणारा माल स्वस्तच हवा असतो. याच तेलात नवे तेल मिसळून ते पुन्हा दुसऱ्याच्या कढईत ओतणाऱ्याचे गणित वेगळे असते. तो जुन्या तेलाचा भाव नव्या डब्याच्या भावाशी ताडून पाहतो आणि म्हणूनच त्याला बाकी सर्वांपेक्षा जास्त भाव देणे परवडते. जुन्या तेलाला जेव्हा कोणी अनपेक्षितपणे चांगला भाव देऊ करतो, तेव्हा ते तेल परत माणसांच्या पोटात जाणार असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, असे माझे ठाम मत झाले आहे. आणि ते तेल कोणाच्या पोटात जाते? जो पाच-दहा रुपये वाचवण्यासाठी गाडीवर उभा राहून खातो, त्या मजुराच्या आणि वसतिगृहातल्या मुलाच्या. अशा तेलाचा संबंध उच्च रक्तदाब, रक्तवाहिन्यांचे विकार आणि यकृताचे आजार यांच्याशी जोडला जातो. आपल्या कढईतून उतरलेल्या तेलाने असे कोणाचे नुकसान होणार असेल, तर ते विकून मिळालेले पैसे घेण्यात काही अर्थ नाही.

नोंदणीकृत संकलक मिळवणे मात्र वाटले तितके सोपे गेले नाही. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर यादी असते. तिच्यातील क्रमांकांवर फोन केले तर काही जण फक्त मुंबई आणि पुण्यातील मोठ्या हॉटेलांचे तेल उचलत होते, आणि काहींची अट अशी होती की दोन-तीनशे किलो साठल्याशिवाय गाडी येणार नाही. एका संकलकाने तेल नेले, पण पावती ‘नंतर पाठवतो’ असे सांगून कधी पाठवलीच नाही. ज्याच्याशी शेवटी आमचे जमले, त्याने पहिल्या भेटीतच नोंदणीची प्रत दाखवली, रिकामी झाकणाची पिंपे आणून ठेवली आणि प्रत्येक फेरीला वजन, तारीख व तेल कोणत्या कारखान्याकडे जाणार हे लिहिलेली पावती देण्याचे कबूल केले. संकलक निवडताना मी पावती पाहिली, भाव नंतर विचारला; आजही कोणी सल्ला मागितला तर मी याच क्रमाने सांगते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. संकलक आला आणि तेल घेऊन गेला, एवढ्याने काम होत नाही. कोणत्या क्षणी तेल ‘जुने’ ठरवायचे हा निर्णय कढईपाशी घ्यावा लागतो, आणि तो चुकीचा घेतला तर पुढची सगळी व्यवस्था फुकट जाते. २५ टक्क्यांच्या पलीकडे गेलेल्या तेलात चार दिवस तळण काढून मग ते जैवडिझेलसाठी दिले, तर नोंदवही स्वच्छ राहील, पण गिऱ्हाइकाचे व्हायचे ते नुकसान होऊन गेलेले असेल.

आमचे आचारी, ज्यांना सगळेच मामा म्हणतात, तीस वर्षांहून अधिक काळ भट्टीवर आहेत. तेल उतरवायचे की नाही हे ते फेसावरून, धुरावरून आणि झाऱ्यावरून तेलाची धार कशी पडते यावरून ठरवत. मी ध्रुवीय संयुगे मोजणारे हातात धरायचे यंत्र विकत घेतले, तेव्हा त्यांना ते मुळीच आवडले नाही, आणि त्यांचे वाईट वाटणे मला समजतही होते. त्या यंत्राच्या दांडीचे टोक गरम तेलात बुडवून हलवले की काही सेकंदांत टक्केवारी आणि तापमान दोन्ही दिसते. किंमत हजारांच्या घरात असल्यामुळे घेताना हात आखडतो, पण चार दुकानांनी मिळून घेतले तरी चालते. आम्ही असे ठरवले की, आधी मामांनी आपला अंदाज सांगायचा, मग यंत्र बुडवायचे, आणि दोन्ही आकडे भिंतीवरच्या पाटीवर लिहायचे.

त्या पाटीने आम्हा दोघांनाही बरेच शिकवले. फेसाच्या बाबतीत मामांचा अंदाज जवळजवळ नेहमीच बरोबर येई. बारीक बुडबुड्यांचा फेस कढईभर पसरून खाली बसेनासा झाला की, यंत्रही विसाच्या पुढचा आकडा दाखवत असे. रंग मात्र फसवतो. वड्यांच्या आणि भज्यांच्या पिठातल्या हळद-तिखटामुळे तेल लवकर काळवंडते, पण तेव्हा आकडा कधी कधी पंधराच्या आतच असतो. उलट शेवेच्या तळणीचे तेल दिसायला सोनेरी असून बावीसपर्यंत गेलेले आम्ही पाहिले. नवे पामोलिन तेल शून्य दाखवत नाही, हेही तेव्हाच कळले. पामतेलाच्या मूळ घडणीमुळे ताज्या डब्यातही आठ-दहाचा आकडा येऊ शकतो. सोयाबीनचे ताजे तेल त्याहून कमी दाखवते, पण उष्णतेत ते लवकर बिघडते. आमच्या कढईची मर्यादा आम्ही २२ धरली आहे, कारण एका मोठ्या घाण्यात आकडा किती चढेल हे आधी सांगता येत नाही आणि मर्यादेच्या काठावर उभे राहून तळण काढणे योग्य नाही. आता मामा स्वतःच दुपारी यंत्र मागून घेतात, आणि नव्या मुलाला शिकवताना “आधी फेस बघ, मग आकडा बघ” असे सांगतात.

तेल कशामुळे बिघडते, हे समजून घेतल्यावर ते जास्त टिकवताही येऊ लागले. पदार्थातील पाणी तेलात उतरते आणि तेलाचे रेणू फोडून मोकळी आम्ले तयार करते; हवेतला प्राणवायू त्याचे ऑक्सिडीकरण करतो; आणि सतत तापत राहिल्याने रेणू एकमेकांना चिकटून तेल घट्ट होत जाते, जे कढईच्या काठावर तपकिरी, चिकट थर होऊन बसलेले दिसते. लोखंड आणि तांबे हे धातू ही क्रिया वेगाने घडवून आणतात, म्हणून वड्यांची लोखंडी कढई काढून आम्ही स्टेनलेस स्टीलची घेतली. मीठ आणि पापडखार तेलात पडले तरी तेच होते. खारामुळे तर तेलात साबणासारखी द्रव्ये तयार होऊन फेस वाढतो. त्यामुळे तळलेल्या पदार्थावर मीठ भुरभुरणे आता कढईपासून दूर, परातीत होते. प्रत्येक घाण्यानंतर बेसनाचा चुरा बारीक जाळीच्या झाऱ्याने काढणे, दोन घाण्यांच्या मध्ये गॅस बारीक करणे आणि तेलाचे तापमान १८० अंशांच्या फार वर जाऊ न देणे या सवयी लावायला वेळ लागला, पण तेलाच्या खर्चात फरक पडलेला हिशेबाच्या वहीतच दिसतो.

तर्रीबद्दलही सांगायला हवे. मिसळीच्या कटावर तरंगणाऱ्या लाल तेलासाठी कढईतले उतरलेले तेल वापरण्याचा मोह या धंद्यात फार मोठा आहे, कारण मसाल्याच्या वासाखाली खवटपणा झाकला जातो. आमच्याकडे तर्री ताज्या तेलाचीच होते. नेहमी तर्री जास्त मागणारी मंडळी तीच असतात ज्यांचा आमच्यावर सर्वांत जास्त विश्वास आहे, आणि त्यांच्या वाटीत जुने तेल घालणे मला मान्य नाही.

उतरलेले तेल साठवण्याची पद्धत साधी असली तरी तिच्यात हयगय चालत नाही. रात्री भट्टी बंद झाल्यावर तेल कोमट होईपर्यंत थांबायचे, मग दुहेरी मलमलच्या कापडातून गाळून पिंपात भरायचे. पिंपावर लाल रंगात ‘खाण्यासाठी नाही’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे, ते नव्या तेलाच्या कोठीपासून दूर, पत्र्याच्या शेडमध्ये राहते आणि त्याला कुलूप असते. कुलपाचे नवल वाटू नये. रात्री पिंपातून तेल काढून विकले जाण्याचे प्रकार शहरात ऐकायला मिळतात. पाण्याचा थेंबही आत जाता कामा नये. पावसाळ्यात झाकण सैल राहिले तर पाणी तळाशी बसते, तेल आंबूस वास मारू लागते, त्यातली मोकळी आम्ले वाढतात आणि कारखान्यासाठी त्याची किंमत उतरते. संकलकाचा माणूस आल्याबरोबर एक लांब नळी पिंपाच्या तळापर्यंत घालतो, वरचे टोक अंगठ्याने दाबून ती बाहेर काढतो आणि खाली पाण्याचा थर दिसतो का ते पाहतो. नंतर काट्यावर वजन, पिंपाचे वजन वजा, आणि पावती.

साठ किलो तेल चढवले तर उतरणारे तेल पाच-सहा किलोच असते. बाकीचे शेव-वड्यांबरोबर गिऱ्हाइकाकडे जाते. नोंदवहीत रोज तेलाचा प्रकार, तळणासाठी घेतलेले तेल, दिवसअखेर काढून टाकलेले तेल आणि ते कधी व कोणाला दिले, एवढे लिहायचे असते. वही भरायला पाच मिनिटेही लागत नाहीत. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी वही आणि पावत्या ताडून पाहिल्या, तेव्हा महिन्याची बेरीज जुळलेली पाहून मला फार समाधान वाटले. गाळणीवर राहिलेला जळका चुरा लाकडाच्या भुशात कालवून घंटागाडीत जातो, आणि कढई घासण्यापूर्वी ती जुन्या कागदाने कोरडी पुसून घेतली जाते. मोरीत तेल गेले तर आधी आमचीच गटारे तुंबतात, आणि त्यातून पुढे गेलेले वाघाडी किंवा नंदिनी या नद्यांतून शेवटी गोदावरीला मिळते. पाण्यावर तेलाचा पातळ थर आला की खालच्या पाण्याला हवा मिळत नाही. धुण्याच्या मोरीला तेल अडवणारी टाकी बसवली आहे, तरी जे तेल तिच्यापर्यंत पोचलेच नाही तेच खरे अडवलेले, असे मी मुलांना सांगते.

डब्यांचा विषय तेलापेक्षाही दुर्लक्षित आहे. रिकाम्या डब्याकडे कचरा म्हणून पाहिले जाते, पण त्याच्यावर नामांकित तेलाचे छापील नाव असते आणि त्या नावालाच किंमत असते. भंगारवाला धड डबा नगावर घेत असे आणि चेपलेला वजनावर, आणि नगाचा भाव वजनाच्या भावापेक्षा बराच जास्त असे. भरलेला डबा पंधरा किलोचा असला तरी पत्र्याचे वजन किलोभराच्या आसपासच भरते, म्हणजे नुसत्या पत्र्यासाठी कोणी एवढे पैसे देणार नाही. एकाने तर सांगूनच टाकले की, डबा फोडताना भोक लहान पाडा आणि लेबलला ओरखडा येऊ देऊ नका. अशा डब्यात पुन्हा तेल भरून, तोंड झाळून बंद करून तो त्याच नावाने विकला जाऊ शकतो, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही.

खाद्यपदार्थ भरण्यासाठी एकदा वापरलेला पत्र्याचा डबा पुन्हा त्यासाठी वापरायचा नाही, असे प्राधिकरणाच्या वेष्टनविषयक नियमांत म्हटले आहे. भेसळीचे परिणाम किती भयंकर होऊ शकतात हे १९९८ साली दिल्लीत दिसले. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेल्यामुळे तेथे ड्रॉप्सीची, म्हणजे अंगावर सूज आणणाऱ्या रोगाची, साथ आली आणि साठांहून अधिक माणसे दगावली. खाद्यतेल बंद वेष्टनातच विकण्याविषयीचा केंद्राचा आदेश त्याच वर्षी निघाला. त्या आदेशाचा सगळा भर बंद डब्यावरच्या विश्वासावर होता, आणि धड रिकामा डबा बाजारात सोडणे म्हणजे तो विश्वास मोडण्याचे साधन कोणाच्या तरी हाती देणे होय.

आमच्याकडे डब्याचा शेवट असा होतो. कोपऱ्यात भोके पाडून तेल ओतून झाल्यावर डबा परातीवरच्या जाळीवर उपडा ठेवायचा. हिवाळ्यात पामोलिन गोठते, त्यामुळे तो भट्टीच्या बाजूला, उबेत ठेवावा लागतो. सकाळपर्यंत परातीत प्रत्येक डब्यामागे चांगले पाव वाटी तरी तेल जमते. ते ताजे आणि स्वच्छ असते, म्हणून कढईतच जाते. वर्षभरात अशा निथळलेल्या तेलाने किती डबे वाचतात याचा हिशेब सासऱ्यांनी एकदा कागदावर मांडला आणि मग तेच रोज सकाळी परात पाहू लागले. निथळलेल्या डब्याची वरची आणि खालची बाजू पत्रा कापण्याच्या कात्रीने काढायची, एक उभी कड कापायची आणि छापील नावावर खिळ्याने दोन आडव्या रेघा ओढायच्या. कापलेल्या पत्र्याची कड वस्तऱ्यासारखी असते, म्हणून जाड कातडी हातमोजे घातल्याशिवाय हे काम कोणी करायचे नाही, असा आमचा नियम आहे. शेवटी तो पत्रा पायाने सपाट करून थप्पीत रचायचा.

या सपाट पत्र्यांपैकी काही जुन्या नाशकातील पत्र्याचे काम करणारे एक कारागीर नेतात आणि त्यांच्या सुपल्या, धान्याच्या चाळण्यांच्या कडा, कोळशाच्या शेगड्यांचे आवरण अशा वस्तू करतात. खाण्याशी थेट संबंध येणार नाही असेच काम त्यांनी करावे, हे मी त्यांना सांगितले आहे आणि त्यांनाही ते पटलेले आहे. उरलेला पत्रा वजनावर भंगारात जातो आणि वितळून पुन्हा पोलाद होतो; पोलादाचा हा गुण फार मोलाचा आहे की ते कितीही वेळा वितळवता येते. प्लॅस्टिकचे जार कमी येतात. त्यांच्या तळाशी त्रिकोणात २ हा आकडा असतो, ते निथळवून आणि उभे चिरून प्लॅस्टिक घेणाऱ्याला दिले की त्यांचे दाणे होऊन पाइप किंवा कुंड्या होतात. लिटरच्या पिशव्या आम्ही घेत नाही, कारण अनेक थरांच्या, तेलकट पिशवीचा पुनर्वापर करणारा कोणी मला सापडलेला नाही. धड डबे न विकल्यामुळे महिन्याला काही पैसे हातचे जातात, हे खरे आहे. निथळलेल्या तेलाने त्यातले बरेचसे भरून निघतात.

संकलकाशी ओळख वाढल्यावर मी त्याच्याकडे तेल शेवटी जाते तो कारखाना पाहण्याची परवानगी मागितली, आणि तीही मिळाली. एका औद्योगिक वसाहतीतील ती मध्यम आकाराची शेड होती. तेथे आलेले तेल आधी गाळून, तापवून त्यातले पाणी उडवतात, मग त्यातील मोकळ्या आम्लांची तपासणी करतात. आम्ले जास्त असतील तर तेलावर आधी आम्ल टाकून वेगळी प्रक्रिया करावी लागते, नाहीतर पुढच्या टप्प्यात डिझेलऐवजी साबणच तयार होतो. पिंपात पाणी जाऊ नये म्हणून संकलक एवढा आग्रह का धरतो, हे मला तेथे उभे राहून कळले. मग साधारण ६० अंशांवर तेलात मिथेनॉल आणि अल्कली मिसळून ते ढवळत ठेवतात. शंभर किलो तेलाला दहा-अकरा किलो मिथेनॉल लागते आणि जवळपास शंभर किलो जैवडिझेल व दहा किलो ग्लिसरीन मिळते. तेथल्या रसायनतज्ज्ञ बाईंनी काचेच्या उभट नरसाळ्यात घेतलेला नमुना मला दाखवला: तळाशी गडद, काकवीसारखे दाट ग्लिसरीन बसलेले आणि वर पातळ, पिवळसर, पारदर्शक जैवडिझेल. आमच्या कढईतून काळपट होऊन उतरलेले तेल इतके स्वच्छ झालेले पाहून माझ्याबरोबर आलेल्या मामांनी नमुन्याची बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि बराच वेळ ती खाली ठेवली नाही.

परतताना मी भावाचा विचार करत होते, कारण हे सगळे शेवटी भावावर येऊन थांबते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के जैवडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट आहे. १० ऑगस्ट २०१९ रोजी सरकारी तेल कंपन्यांनी वापरलेल्या तेलापासून केलेले जैवडिझेल १०० शहरांत विकत घेण्याची योजना जाहीर केली, तेव्हा पहिल्या वर्षासाठी लिटरला ५१ रुपये दर ठरला होता. २०२५ मध्ये इंडियन ऑइलच्या पानिपत येथील शुद्धीकरण कारखान्याला वापरलेल्या तेलापासून विमानाचे इंधन तयार करण्यासाठीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. अशी मागणी वाढत गेली तर नोंदणीकृत संकलकाचा भाव दुचाकीवर कॅन बांधून येणाऱ्याच्या भावाला मागे टाकेल, आणि तो दिवस यावा असे मला मनापासून वाटते. गरीब गाडीवाल्याला नुसता उपदेश करून त्याचे जुने तेल सुटणार नाही. त्याला त्या तेलाचे नीट पैसे मिळाले पाहिजेत.

म्हणूनच आमच्या गल्लीतील वडापावच्या गाड्या, दोन फरसाणवाले आणि एक खानावळ यांच्याशी मी बोलले. त्यांच्यापैकी बहुतेकांचे तेल दिवसाला ५० लिटरच्या खाली असल्यामुळे नोंदीचा नियम त्यांना लागू होत नाही, आणि दहा-बारा किलो तेलासाठी कोणाची गाडी येत नाही. आम्ही संकलकाशी बोलून असे ठरवले की सगळ्यांकडे झाकणाचा छोटा कॅन राहील, गाडी आमच्याकडे येईल त्याच दिवशी सगळ्यांचे तेल उचलेल, आणि वजन व पावती मात्र ज्याची त्याला, त्याच्या नावाने मिळेल. सुरुवातीला दोघेच तयार झाले. पैसे त्याच दिवशी खात्यात जमा होतात हे पाहिल्यावर बाकीचेही आले. यंत्र आमचे असले तरी दुपारी कोणी विचारले तर मामा त्यांच्या कढईतही ते बुडवून आकडा सांगतात. खानावळवाल्या काकूंनी तर आकडा ऐकून भरलेली कढई तिथेच उतरवली होती.

आता चिंता सिंहस्थाची आहे. कुंभमेळ्याच्या काळात पंचवटी, तपोवन आणि रामकुंडाच्या परिसरात खाण्याच्या तात्पुरत्या गाड्या आणि भंडारे प्रचंड संख्येने लागतात, तेल डब्यांच्या थप्प्यांनी येते, आणि जुने तेल टाकायला सर्वांत जवळची जागा म्हणजे नदी. आमच्या संकलकाने घाटांच्या मागच्या रस्त्यांवर पिंपे ठेवण्याची तयारी दाखवली आहे. रोजची गाडी त्याला परवडण्यासाठी किमान किती तेल लागेल याचा आकडाही त्याने दिला आहे. त्या आकड्यासह, पिंपांच्या जागा खुणा करून दाखवलेला नकाशा आणि आमच्या गल्लीच्या पावत्यांच्या प्रती जोडून, आम्ही महापालिका आणि अन्न व औषध प्रशासन या दोघांकडे अर्ज तयार केला आहे. त्यात डब्यांसाठीही एक वेगळी मागणी आहे: प्रत्येक भंडाऱ्याजवळ पत्रा कापण्याची कात्री, जाड हातमोजे आणि डबे उपडे ठेवायला एक जाळी असावी. अर्जावर गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत, आणि पहिली सही सासऱ्यांची आहे.